दुप्पट भाड्याचा प्रवास

१९०१ सालची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याहून निघालेली चार मुले मसूर स्थानकावर उतरली, तेव्हा दिवस कलू लागला होता. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदाराच्या नोकरीत होते आणि मुलांनी सुट्टीत आपल्याकडे यावे अशी त्यांची इच्छा होती. नवे कपडे, डोक्यावर भरजरी टोप्या आणि आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास, असा सारा थाट होता. परंतु आपण येत असल्याचे कळविणारे पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नव्हते, त्यामुळे स्थानकावर कोणी न्यायला आले नाही. कपड्यांवरून मुले सुखवस्तू घरची वाटल्याने स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुले महार जातीची आहेत हे कळताच तो चार पावले मागे सरला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या आणि मुलांजवळ पैसे होते. एकही गाडीवाला यायला तयार होईना. अखेरीस तोडगा निघाला तो असा, की मुलांनी भाडे दुप्पट द्यावे, गाडी स्वतःच हाकावी आणि गाडीवाल्याने बाजूने पायी चालावे. बरोबर शिदोरी होती, पण रात्रभर वाटेत कुणी पाणी दिले नाही आणि पाण्यावाचून ती तशीच राहिली.

त्या चौघांतील नऊ-दहा वर्षांचा भीमा पुढे अर्थशास्त्रज्ञ झाला. चलन, विनिमयाचा दर, किमती आणि मजुरी यांवर त्याने लिहिलेले ग्रंथ आजही अभ्यासले जातात. पैसे मोजूनही वस्तू विकत मिळत नाही, हा अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसलेला अनुभव त्याला मसूरच्या स्थानकावर मिळाला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या परदेशवासाची हकिगत बहुधा पदव्यांच्या यादीच्या रूपाने सांगितली जाते. तिच्यामागे जमाखर्चाची एक वही आहे आणि ती उघडून पाहिली म्हणजे न्यूयॉर्क, लंडन, बडोदे आणि मुंबई या चार शहरांत माणसाच्या जगण्याची किंमत काय होती, हे निराळ्याच रीतीने दिसू लागते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. निवृत्तीनंतर दापोली, सातारा असे करीत कुटुंब १९०४ च्या सुमारास मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीतील एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक, झोप आणि अभ्यास सारे त्याच खोलीत. एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर एल्फिन्स्टन कॉलेजात प्रवेश मिळाला, पण शिक्षणाचा खर्च सुभेदारांच्या ताकदीबाहेर जाऊ लागला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१२ मध्ये भीमराव बी. ए. झाले. त्याच वर्षी कुटुंब परळच्या बी. आय. टी. चाळीत राहायला गेले. पन्नास आणि एक्कावन्न क्रमांकाच्या दोन खोल्या. एक घराला, दुसरी अभ्यासाला. पुढल्या फेब्रुवारीत वडील निवर्तले.

त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, जून १९१३ मध्ये, बडोदे सरकारशी करार झाला. अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानात नोकरी करावी लागणार. त्या काळी एक पौंड म्हणजे पंधरा रुपये. म्हणजे महिन्याला एकशे साडेबहात्तर रुपये, कॉलेजातल्या शिष्यवृत्तीच्या सातपट. परळच्या चाळीतून पाहिले तर ही रक्कम थोर होती. डॉलरमध्ये तिचे छपन्न होत, आणि न्यूयॉर्कमध्ये छपन्न डॉलरांत राहणे, जेवणे, कपडे, पुस्तके आणि घरी धाडायचे पैसे हे सारे भागवायचे होते. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाची पहिली फसगत येथेच होते. रक्कम आपल्या रुपयांत मोजली जाते आणि खर्च तिथल्या भावाने होतो.

जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात त्यांचा मुक्काम जेमतेम आठवडाभर टिकला. अर्धेकच्चे अन्न आणि गोमांस घशाखाली उतरेना. तेथून ते काही हिंदी विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले आणि शेवटी लिव्हिंगस्टन हॉलमध्ये स्थिरावले. तेथे त्यांच्या खोलीत नवल भथेना नावाचे पारशी विद्यार्थी होते. ही मैत्री आयुष्यभर टिकली आणि आंबेडकरांच्या जमाखर्चात भथेनांचे नाव वारंवार येत राहिले.

सुरुवातीचे काही महिने नव्या देशाच्या नवलाईत गेले. मग एका रात्री आपण येथे कशासाठी आलो आहोत याचा विचार करून त्यांनी स्वतःला अभ्यासाला जुंपून घेतले. कोलंबियाच्या नोंदींनुसार त्यांनी अर्थशास्त्राचे एकोणतीस आणि इतिहासाचे अकरा अभ्यासक्रम घेतले. समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हे निराळेच. जॉन ड्यूई, एडविन सेलिग्मन, जेम्स शॉटवेल यांच्यासारखे प्राध्यापक लाभले. जेवणावरचा खर्च कमी करून उरलेले पैसे दोन ठिकाणी जात. काही परळला घरी, आणि बाकीचे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. न्यूयॉर्क सोडेपर्यंत त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमविली होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. हौसमौज, नाटके, सहली यांवर काही खर्चच नव्हता म्हटल्यावर छपन्न डॉलर एवढे लांबले, यात नवल ते काय!

पण न्यूयॉर्कने त्यांना जे दिले त्याची नोंद डॉलरमध्ये करता येत नाही. वर्गात कुठल्याही बाकावर बसावे, ग्रंथालयात कुठलेही पुस्तक हातात घ्यावे, खाणावळीत मिळेल त्या टेबलाशी बसून पेला उचलून पाणी प्यावे, आणि या कशाकडेही कुणी वळून पाहू नये. पोटभर जेवण मिळाले नाही तरी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर ते इतर कुणाही विद्यार्थ्याइतकेच गरीब होते, त्याहून खाली नव्हते. विद्यापीठात काळ्या विद्यार्थ्यांची संख्या किती तुरळक होती आणि शहराच्या उत्तर भागात हार्लेमची वस्ती कशी वाढत होती, हे त्यांच्या डोळ्यांसमोरच घडत होते. अमेरिकेला स्वर्ग मानण्याचे कारण नव्हते. तरीही स्वतःपुरता जातीचा चटका त्या तीन वर्षांत जवळजवळ विसरला गेला, हे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले आणि मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या परिसंवादात भारतातील जातींच्या उगमावर त्यांनी निबंध वाचला. जातीची यंत्रणा इतक्या थंड डोक्याने उलगडून पाहता आली, याला ती यंत्रणा सात समुद्रांपलीकडे राहिली होती हेही एक कारण असावे.

१९१६ च्या उन्हाळ्यात ते लंडनला गेले. ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्ये नाव दाखल केले. पण बडोद्याने वाढवून दिलेली मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतणे भाग पडले. महायुद्ध ऐन भरात होते. ते स्वतः कोलंबोमार्गे ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईला सुखरूप पोहोचले, पण त्यांचे सामान ज्या बोटीतून येत होते ती टॉर्पेडोने बुडाली. सामानाची भरपाई म्हणून वाहतूक कंपनीकडून सहाशे रुपये मिळाले. त्यातले काही पत्नी रमाबाईंच्या हाती ठेवून उरलेल्या पैशांवर ते करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यास निघाले. समुद्रात बुडालेल्या सामानाच्या पैशांतून नोकरीच्या गावाचे तिकीट निघावे, असा योग होता.

सप्टेंबर १९१७ चे बडोदे हे या सगळ्या कहाणीतले सर्वांत कठीण ठिकाण. येथे पैशाची अडचण नव्हती. संस्थानची नोकरी होती, पगार होता. अडचण होती ती रात्री पाठ टेकण्याची. हिंदूंच्या खाणावळींत अस्पृश्याला जागा नव्हती. जात लपवून राहण्याचे धाडस करावे, तर अमेरिकेत शिकून आलेल्या तरुणाची माहिती गावात आधीच पोहोचलेली. मित्रांच्या घरी जावे, तर ऐनवेळी ते काय म्हणतील याची खात्री नाही. स्थानकावरच कुणीतरी पारशी धर्मशाळेचे नाव सुचविले. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, या भरवशावर टांगा तिकडे वळला.

धर्मशाळेच्या रखवालदाराने विचारणा केली तेव्हा कळले की ही जागा केवळ पारशांसाठी आहे. पण एकही पाहुणा नसल्याने त्यालाही मिळकत हवीच होती. वहीत एखादे पारशी नाव लिहायचे आणि रोज दीड रुपया द्यायचा, असे ठरले. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, शेजारी नळ असलेली न्हाणी, आणि बाकीचा मजला म्हणजे मोडक्या सामानाने भरलेले अंधारे दालन. विजेचा दिवा नव्हता. रखवालदार संध्याकाळी एक कंदील आणून ठेवी आणि त्याच्या मिणमिणत्या उजेडात वटवाघळे घिरट्या घालीत. दोन खंडांतली नामांकित विद्यापीठे पाहून आलेला माणूस दिवसा हिशेबतपासणीच्या कचेरीत उमेदवारी करी आणि रात्री त्या दालनात एकटा पुस्तक वाचीत बसे. दिवाणांकडे सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज तसाच पडून होता.

अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघण्याच्या वेळी जिन्यावर पावले वाजली. हातांत काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. धर्मशाळा बाटविल्याबद्दल त्यांनी प्रश्नांची सरबत्ती केली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन ते निघून गेले. तो सारा दिवस आश्रय शोधण्यात गेला. एक हिंदू मित्र होता. त्याने आंबेडकरांना घरात घेतले तर नोकरचाकर निघून जातील, असे सांगितले. दुसरा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण. बायकोला विचारल्याखेरीज काही सांगता येत नाही, असे त्याचे उत्तर. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोवरचा वेळ बडोद्याच्या सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून काढावा लागला. रोजचा दीड रुपया हा दर त्यांनी कधीच नाकारला नव्हता. आता कुठल्याही दराने त्या शहरात त्यांना खोली मिळणार नव्हती. दहा वर्षांच्या नोकरीचा करार अशा रीतीने अकरा दिवसांत निकालात निघाला. पुढे संस्थानने शिष्यवृत्तीच्या पैशांची मागणी केली, तेव्हा या अकरा दिवसांचा हिशेब त्यात कोणी धरला असेल असे वाटत नाही.

मुंबईतही प्रकार फारसा निराळा नव्हता. शेअर आणि गुंतवणूक यांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय त्यांनी सुरू केला. अर्थशास्त्रातील त्यांच्या तयारीचा माणूस तेव्हाच्या मुंबईत विरळाच. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. मग खासगी शिकवण्या करून दिवस काढले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार दरमहा साडेचारशे रुपये. विद्यार्थी लवकरच त्यांच्या व्याख्यानांनी भारावले. इतर महाविद्यालयांतील मुलेही वर्गात येऊन बसू लागली. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या माठाला मात्र त्यांनी हात लावू नये, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे होते.

साडेचारशे रुपये पगाराचा प्राध्यापक तेव्हा चाळ सोडून बऱ्या वस्तीत जागा पाहत असे. आंबेडकर परळच्या त्याच दोन खोल्यांत राहिले. रमाबाईंनी ठरीव रकमेत घर चालवायचे आणि बाकी सारे शिल्लक टाकायचे, असा नेम होता. लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायचा होता. घरातल्यांना या काटकसरीचा अर्थ पूर्णपणे कळला असेल का, हे सांगणे अवघड. चटके मात्र त्यांनाच बसत होते. याच काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याने 'मूकनायक' पाक्षिक सुरू झाले. मार्चमध्ये नोकरी सोडली. साठविलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांवर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले.

येथे रुपयाच्या भावाची हकिगत सांगणे भाग आहे, कारण आंबेडकरांच्या पोटाशी आणि त्यांच्या प्रबंधाशी तिचा सारखाच संबंध आहे. १८९८ पासून रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स असा स्थिर होता. महायुद्धात चांदी महाग झाली आणि चांदीचा रुपयाही चढू लागला. फेब्रुवारी १९२० मध्ये तो दोन शिलिंग दहा पेन्सच्या आसपास पोहोचला. त्या भावाने पाच हजार रुपयांचे सातशेहून अधिक पौंड मिळत. सरकारने दोन शिलिंगांचा दर टिकविण्याचा आटापिटा केला, पण निर्यात मंदावली आणि रुपया कोसळत गेला. सप्टेंबर १९२० च्या अखेरीस सरकारने हात टेकले. नेमक्या त्याच दिवसांत आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पुन्हा दाखल होत होते. १९२१ च्या आरंभी दर एक शिलिंग तीन पेन्सवर आला, तेव्हा त्याच पाच हजार रुपयांचे जेमतेम तीनशे बारा पौंड होत होते. आज मुलांना परदेशी धाडणारे पालक सकाळी उठून डॉलरचा भाव पाहतात. ज्यांचे पैसे मुंबईहून यायचे होते अशा त्या वेळच्या लंडनमधील प्रत्येक हिंदी विद्यार्थ्याच्या ताटातला घास हा भाव काढून घेत होता.

किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात ते १९२१-२२ च्या सुमारास राहत. घरमालकीण कडक आणि हात आखडता ठेवणारी. सकाळी पावाचा तुकडा, त्यावर मुरंब्याचा पातळ थर आणि एक पेला चहा. तेवढ्यावर दिवस काढायचा. न्याहारी आटोपून ते चालत ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात, कारण बसचे पैसे वाचत. दार उघडताना आत शिरत आणि बंद होताना बाहेर पडत. दुपारच्या जेवणासाठी ना पैसा, ना वेळ. रात्री घरी बोव्हरिलचा पेला आणि दोन-चार बिस्किटे. पहाटेपर्यंत वाचन चाले आणि भूक अनावर झाली की एका परिचिताने दिलेल्या पापडांच्या गठ्ठ्यातले पापड पत्र्यावर भाजून पेलाभर दुधाबरोबर खाल्ले जात. खोलीतील सोबती असनोडेकर रात्री जागे होत तेव्हा हा गृहस्थ अजून वाचतच असे. परदेशातल्या मराठी माणसाच्या सामानात पापड-लोणचे असतेच. पण ते चव म्हणून. येथे पापड हेच जेवण होते.

सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड कर्जाऊ मागितले. निम्मे कायद्याच्या शिक्षणाच्या शुल्कासाठी आणि निम्मे परतीच्या प्रवासासाठी. दीड वर्षापूर्वीच्या भावाने ही रक्कम चौदाशे रुपयांच्या आसपास, म्हणजे सिडनहॅमचा तीन महिन्यांचा पगार झाली असती. पत्र लिहिले तेव्हा तिचे तीन हजारांच्या आसपास रुपये होत होते. इतका मानी माणूस कर्जाचे पत्र लिहायला बसला, त्यावरूनच ओढीची कल्पना यावी.

या दिवसांत जो प्रबंध आकार घेत होता त्याचे नाव 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. रुपयाचा दर चढा ठेवावा की उतरता, हा वाद तेव्हा जोरात होता आणि व्यापारी, गिरणीमालक व सरकार आपापल्या सोयीने बोलत होते. आंबेडकरांनी प्रश्न वेगळ्या जागी नेला. परदेशी चलनाशी असलेल्या दरापेक्षा देशात रुपयाने काय विकत मिळते, त्याच्या स्थैर्याला त्यांनी अधिक महत्त्व दिले. दर उतरला की निर्यातदाराचा फायदा होतो, पण तो आकाशातून पडत नाही. किमती आधी चढतात, मजुरी मागाहून, आणि मधल्या अंतरातला तोटा मजूर सोसतो, अशी त्यांची मांडणी होती. लॉर्ड केन्स यांनी ज्या चलनव्यवस्थेची भलामण केली होती तिच्यावरही त्यांनी निर्भीडपणे टीका केली. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत अशा विवेचनाला आकडेवारी पुरते. येथे आकडेवारीमागे परळच्या गिरणी कामगारांची चाळ होती आणि रिकामे पोटही.

१९२१ मध्ये ते एम. एस्सी. झाले, १९२२ मध्ये बॅरिस्टर. मधल्या काळात जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव घातले, पण तेथील अभ्यास पुढे गेला नाही. रुपयावरील प्रबंधात परीक्षकांनी दुरुस्त्या सुचविल्या. लंडनमध्ये थांबून त्या करण्याइतके पैसे उरले नव्हते, म्हणून एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला येऊन त्यांनी तो सुधारून परत पाठविला आणि डी. एस्सी. मिळविली. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह तो ग्रंथ त्याच वर्षअखेरीस लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्या वर्षी मुंबईला परतलेल्या या लेखकापाशी वकिलीची सनद काढायलाही पैसे नव्हते. ते पुन्हा नवल भथेनांनीच दिले.

बॅरिस्टर, दोन खंडांतल्या पदव्या आणि राहायला परळची तीच चाळ. गिऱ्हाइके येत ती बहुधा गरीब. काहींकडून फी घेतलीच जात नसे. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पाण्यासाठी माणसाला लढावे लागते हे लंडनच्या मित्रांना समजावून सांगणे किती कठीण गेले असेल! घरात तर एकामागून एक मुले दगावत होती. १९२६ मध्ये राजरत्न गेला आणि रमाबाई व बाबासाहेब दोघेही कोलमडून गेले. परदेशवासाचा खर्च कुणी किती भरला, हे मोजायचे तर रमाबाईंचे नाव पहिल्या ओळीत लिहावे लागेल. १९३५ च्या मे महिन्यात त्याही गेल्या.

त्याआधी, १९२९ मध्ये, मसूरचा प्रसंग जवळपास जसाच्या तसा पुन्हा घडला. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात होते. ऑक्टोबरात ते चाळीसगावला उतरले, तेव्हा तेथील महार मंडळींनी रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह केला. वस्ती स्थानकापासून पायी जाण्याजोगी; तरीही तासभर त्यांना ताटकळत ठेवून टांगा आणण्यात आला. मधल्या नदीच्या मोरीवर चाक फटीत अडकले, टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि घोडा गाडीसह खाली पडला. पायाला जबर दुखापत झाली. खरा प्रकार नंतर उघडकीस आला. स्थानकावरचा एकही टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला राजी नव्हता. टांगा भाड्याने देऊ, हाकणार नाही, एवढ्यावर तडजोड झाली होती. पाहुण्याने पायी जावे हे मंडळींना अपमानाचे वाटले, म्हणून ज्याने जन्मात टांगा हाकला नव्हता त्याच्या हाती लगाम देण्यात आला. मसूरला भाडे देऊन गाडी स्वतः हाकावी लागली होती. अठ्ठावीस वर्षांनी, बॅरिस्टर झाल्यावर, फरक पडला तो इतकाच की गाडी दुसऱ्या महाराने हाकली.

चाळीसगावहून मुंबईला येणारी गाडी मनमाड, नाशिक, इगतपुरी करीत थळ घाट उतरते आणि कसारा, खर्डी, आटगाव, आसनगाव अशी शहापूर तालुक्यातील स्थानके मागे टाकते. खानदेश आणि नाशिककडे जाताना बाबासाहेबांचा नेहमीचा रस्ता हाच. १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि १९३५ ची येवल्याची परिषद याच बाजूची. आगगाडीच्या डब्यात तिकीट काढणाऱ्याला जागा मिळे, तेथे जातीची वेगळी खिडकी नव्हती. स्थानकाबाहेर पडले की खर्डी असो वा चाळीसगाव, पैशाची भाषा संपत होती. गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले तेव्हा मात्र त्याच शहरात त्यांना टॅक्सी मिळण्यास कधी अडचण आली नाही.

१९३४ च्या सुमारास बाबासाहेब दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' या स्वतःच्या घरात राहायला गेले. बावीस वर्षे चाळीत काढल्यावर बांधलेले हे घर प्रामुख्याने पुस्तकांसाठी बांधले होते, असे म्हणण्यास हरकत नाही. न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात सुरू झालेली खरेदी अखेरपर्यंत थांबली नाही. पुढचे सारे, कायदेमंत्रिपद, राज्यघटना, बौद्ध धम्माचा स्वीकार, सर्वांना ठाऊक आहे. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्मान्य एलएल. डी. दिली आणि ती स्वीकारण्यासाठी ते न्यूयॉर्कला गेले. छपन्न डॉलरांत महिना काढलेल्या शहरात, एकोणचाळीस वर्षांनी. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील ते दहा क्रमांकाचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये सुमारे तीस लाख पौंडांना विकत घेतले आणि त्याच नोव्हेंबरात तेथे स्मारक खुले झाले. काही शेजाऱ्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वर्दळीबद्दल तक्रार केली आणि राहण्याची जागा कमी होते, या कारणावरून स्थानिक कौन्सिलने २०१८ मध्ये संग्रहालयाला परवानगी नाकारली. प्रकरण सार्वजनिक चौकशीपर्यंत गेले. मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली आणि ज्या घरात रात्री पापड भाजले जात, त्याचे दार पाहुण्यांसाठी उघडे राहिले.